गल्लीतील चेंडूचा कायदा



आज मला आपणांशी चेंडूविषयी बोलावयाचे आहे; पण मैदानावरच्या चेंडूविषयी नव्हे. त्याच्याविषयी बोलणारी जाणती मंडळी पुष्कळ आहेत. माझा चेंडू दोन इमारतींच्या मधल्या बोळात खेळला जातो, गटारात पडतो, पत्र्यावर अडकतो आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या घरात शिरून कायमचा नाहीसा होतो.

या विषयाला निमित्त झाले एका अर्जाचे. सुरतेहून भरूचकडे निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडते, उत्राण मागे टाकते आणि त्यापुढचे स्टेशन येते ते कोसाड. तेथे एका चार मजली सोसायटीत मी बरीच वर्षे राहतो. आमच्या आणि शेजारच्या इमारतीच्या मध्ये बारा पावले रुंदीची एक गल्ली आहे. पाच वाजले की तेथे मुले जमतात आणि दिवेलागणीपर्यंत भिंतीवर चेंडूचा धप्‌ धप्‌ असा आवाज चालू राहतो. गेल्या उन्हाळ्यात सोसायटीतील काही वडीलधारी मंडळी माझ्याकडे आली. गल्लीत चेंडू खेळण्यास मनाई करावी, असा अर्ज त्यांना सोसायटीच्या कमिटीकडे द्यावयाचा होता. मी पडलो शिक्षक. तेव्हा मसुदा मी करावा आणि पहिली सहीही माझीच असावी, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. मागावर रात्रपाळीला जाणाऱ्या माणसाला संध्याकाळी घटकाभर झोप हवी असते. तळमजल्यावरच्या एका स्वयंपाकघराची काच वर्षात दोनदा फुटली होती. मी कागद ठेवून घेतला आणि चार दिवसांनी या असे सांगितले. त्या चार दिवसांत मला माझ्या लहानपणीच्या गल्लीने सोडले नाही.

ती गल्ली मुंबईतली, गिरगावातली. खोताच्या वाडीतील लाकडी घरे, त्यांचे व्हरांडे आणि त्यांमधून वळत जाणारे अरुंद बोळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तिची कल्पना येईल. वाडीच्या शेजारच्याच एका चाळीत आमचे बिऱ्हाड होते. गोष्ट १९८८-८९ च्या सुमाराची. रविवारी मिस्सा आटोपून घरी आलो की इस्त्रीचे कपडे उतरविण्याइतकाही धीर आम्हांला नसे. खाली कोणीतरी भिंतीवर चेंडू आपटीत असे, आणि तो आवाज हेच आमचे बोलावणे.

क्रिकेटचे कायदे लंडनच्या एका क्लबाने सांभाळले, हे आपण जाणताच. आमच्या गल्लीचे कायदे मात्र भिंतींनी, खिडक्यांनी आणि शेजाऱ्यांनी केलेले होते. मोठेपणी मी मुलांना व्याकरण शिकवू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की गल्लीतला एकही नियम उगीच नसतो. प्रत्येकाला कारण असते, आणि ते कारण बहुधा विटांचे नाही तर काचेचे असते.

यष्ट्या म्हणजे भिंतीवर कोळशाने ओढलेल्या तीन रेघा. यष्टिरक्षकाचे निम्मे काम भिंतच करी, कारण सुटलेला चेंडू ती आपण होऊन परत पाठवी. अडचण एवढीच की कोळशाच्या रेघेवरची गुल्ली पडत नाही. चेंडू रेघेला लागला की शेजारून गेला, यावर आमचे अर्धे आयुष्य वादात गेले असेल. हा वाद फक्त पावसाळ्यात मिटे. ओला चेंडू भिंतीवर रुपयाएवढा गोल डाग उमटवी, आणि त्या डागापुढे कोणाचे काही चालत नसे. त्यामुळे चिखल, घसरण, आईची बोलणी हे सर्व सोसूनही आम्हांला पावसातला खेळ अधिक न्यायाचा वाटे.

धावण्यास जागा नव्हती, म्हणून धावा बोलीने ठरत. विजेच्या खांबापर्यंत चेंडू गेला तर एक, पानवाल्याच्या फळीपर्यंत गेला तर दोन. त्यास आम्ही ‘वन-डी’, ‘टू-डी’ म्हणत असू. हा ‘डी’ म्हणजे ‘डिक्लेअर्ड’, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. तोपर्यंत तो मला मराठीच शब्द वाटत होता. एक टप्पा पडलेला चेंडू एका हाताने झेलला तरी गडी बाद, कारण चौदा मुलांना अंधार पडण्यापूर्वी फळी मिळावयाची असे. चेंडू टप्पा न पडता भिंतीपलीकडे गेला तर मोठ्या मैदानावर सहा धावा मिळतात. आमच्याकडे फलंदाज बाद होई. आणि ज्याने मारला त्यानेच तो आणावा, हा तर सर्वांत जुना कायदा. यमुनेकाठी कालियाच्या डोहात चेंडू गेला तेव्हाही तोच लागू झाला, असे चाळीतल्या एक आजी आम्हांला सांगत. तुकोबांच्या गाथेत चेंडूफळीवरचे अभंग आहेत. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीही मराठी पोरे चेंडूपायी कोणाच्या ना कोणाच्या दारात उभी राहत असणार.

पंच नव्हता. असला तरी तो फलंदाजी करणाऱ्या बाजूचाच असे, तेव्हा त्याचे नसणेच बरे. कौल लावावयाचा तो खापराच्या तुकड्याला एका बाजूने थुंकी लावून, ‘ओली का सुकी’ असा. जो फार भांडे त्याच्यावर ‘रडीचा डाव खडी’ हे हत्यार होते. आणि सर्वांत धाकट्या पोरासाठी एक पद होते: कच्चा लिंबू. तो दोन्ही बाजूंकडून खेळे, बाद होत नसे आणि त्याच्या धावाही मोजल्या जात नसत. लहानग्याला घरी न हाकलता खेळात ठेवण्याची याहून चांगली युक्ती मला पुढे शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडली नाही. मुली मात्र या सगळ्यातून लवकर गळत. दहा-अकराव्या वर्षापर्यंत त्या आमच्याबरोबर लगोरी आणि आबाधोबी खेळत, चांगल्या नेमबाजही असत. मग एके दिवशी त्यांना वर बोलावले जाई, आणि त्या गॅलरीच्या कठड्याला टेकून आमचा खेळ पाहू लागत. त्यांना कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

आता प्रत्यक्ष चेंडूविषयी. आमच्या वडिलांच्या लहानपणी चेंडू घरीच होई. चिंध्यांचा घट्ट गोळा सुतळीने बांधावयाचा, मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद चकत्या कापून त्या एकावर एक ताणून बसवावयाच्या. हा चेंडू जड असे, पण उसळी मारी. आमच्या वेळी रबरी चेंडू आला होता, आणि वर्गणी जमली तर टेनिसचा. गल्लीने टेनिसच्या चेंडूस जवळ केले ते त्याच्या वजनामुळे. क्रिकेटचा चामडी चेंडू, ज्यास आम्ही ‘सीझन’चा म्हणत असू, सुमारे १६० ग्रॅमचा असतो, टेनिसचा साठ ग्रॅमही भरत नाही. पहिला कपाळावर बसला तर इस्पितळ गाठावे लागते, दुसरा बसला तर हसू येते. हा चेंडू पोकळ असून आत दाबलेली हवा असते. २५४ सेंटिमीटरांवरून कठीण जमिनीवर सोडला असता तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण आतली हवा रबरातून हळूहळू झिरपून जाते आणि वरची लोकर भिंतीवर घासून उडते. पंधरा दिवसांत त्यास टक्कल पडे. मग तो गुळगुळीत होऊन जमिनीलगत सरपटत येई, आणि त्यावर खेळण्यास वेगळीच नजर लागे. कराचीच्या गल्ल्यांतील मुलांनी या चेंडूवर विजेच्या कामाची चिकटपट्टी गुंडाळून त्यास वेग आणि वळण देण्याची युक्ती काढली. आज कोसाडची पोरेही तेच करतात. २०२४ साली टेनिसच्या चेंडूने खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटची एक व्यावसायिक स्पर्धा ठाण्याच्या स्टेडियममध्ये भरली, तिच्या नावात ‘गल्ली’ होती. तेथे खिडक्या मात्र नव्हत्या, तेव्हा तिला गल्ली कितपत म्हणावे हा प्रश्नच आहे.

चेंडूचा शेवट बहुधा विळीवर होई. आमच्या चाळीत तळमजल्यावर एक मावशी राहत. चेंडू त्यांच्या घरात गेला की त्या एक शब्द न बोलता तो विळीवर घेत आणि दोन वाट्या बाहेर फेकीत. आम्ही त्या वाट्या उलट्या करून जमिनीवर ठेवीत असू. रबर सरळ होताना ‘टप्प’ असा आवाज होऊन वाटी हातभर उडे. मावशींना हे ठाऊक होते की नाही कोण जाणे. शिक्षेतून खेळ निघतो हे पाहून त्या अधिकच चिडत.

त्यांच्याच खिडकीची काच मी फोडली. मे महिन्याची सुट्टी होती. मी पुढे येऊन मारलेला फटका सरळ न जाता डावीकडे वळला आणि काच खळ्ळकन खाली आली. क्षणभर सगळे स्तब्ध झाले आणि मग जो तो पळाला. मीही पळालो. राहिला तो कच्चा लिंबू, सहा वर्षांचा. पळावयाचे असते हे त्याला अजून कोणी शिकविले नव्हते. मावशींनी त्याचा कान धरून त्याच्या आईकडे नेले. जिन्याच्या आडून मी त्याच्या पाठीवर बसलेले धपाटे मोजले. ते चार होते. त्याच्या वडिलांनी काचेचे पैसे भरले. फटका माझा होता हे गल्लीतल्या प्रत्येक मुलास ठाऊक होते, पण मोठ्यांपुढे कोणी तोंड उघडले नाही. गल्लीच्या कायद्यात चहाडीला जागा नव्हती. त्या पोरानेही माझे नाव घेतले नाही. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा येऊन खांबाशी उभा राहिला आणि आम्ही त्यास नेहमीसारखे दोन्ही बाजूंकडून खेळविले. पुढे त्यांचे बिऱ्हाड उपनगरात गेले. मी त्याच्याशी या गोष्टीबद्दल कधीच बोललो नाही.

अशा गल्ल्यांतून पुढे मोठी माणसे निघाली हे सांगण्याची रीत आहे. सुनील गावसकर ताडदेवच्या चिखलवाडीत वाढले, आणि लहानपणी आईच्या गोलंदाजीवर मारलेला चेंडू तिच्याच नाकावर बसला होता, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या साहित्य सहवासात टेनिसच्या चेंडूने खेळले. त्या वसाहतीत मराठी लेखकमंडळी राहत आणि त्यांचे वडील रमेश तेंडुलकर स्वतः कवी होते. हे सर्व खरे. पण आमच्या चौदांपैकी एकही मैदानापर्यंत पोचला नाही. एक बँकेत आहे, दोघे आखाती देशांत गेले, एकाचे गॅरेज आहे. गल्ली आवश्यक होती ती या चौदांना, आणि तिची किंमत पंधराव्याच्या शतकांत मोजणे मला बरोबर वाटत नाही.

खेळ कोठे खेळावा, हे भांडण आपल्या मुलुखात जुने आहे. तापी ज्या खंबायतच्या आखातास मिळते, त्याच आखाताच्या काठी १७२१ साली इंग्रज खलाशी क्रिकेट खेळत, असे क्लेमेंट डाउनिंग या दर्यावर्दीने लिहून ठेवले आहे. हिंदुस्थानातील क्रिकेटचा हाच पहिला लेखी उल्लेख मानतात. तेव्हा किनारा मोकळा होता आणि भांडण्याचे कारण नव्हते. पुढे दीडशे वर्षांनी मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर ते उद्भवले. पारशी आणि हिंदू पोरे तेथे चेंडू खेळत. साहेब लोक त्याच जागी पोलो खेळू लागले आणि घोड्यांच्या टापांनी जमीन उखळून निघाली. चेंडूला सरळ टप्पा पडेना. तेव्हा त्या तरुणांनी काय केले? त्यांनी सरकारकडे अर्ज केले, शेकड्यांनी सह्या जमविल्या. सरकारचे पारडे कधी इकडे, कधी तिकडे झुकले. शापूरजी सोराबजी यांनी या झगड्याची हकिकत १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. या झगड्यानंतरच्या काळात पारशी, हिंदू आणि इस्लाम या जिमखान्यांना समुद्रकाठी स्वतःच्या जागा मिळालेल्या दिसतात.

हे आठवले तेव्हा टेबलावरच्या अर्जाकडे मी पुन्हा पाहिले. तोही अर्जच होता. फक्त खेळणाऱ्यांच्या विरुद्ध.

इंग्लंडात १९३८ साली एक कायदा झाला. त्यान्वये नगरपालिकांना काही रस्ते ठरावीक वेळी वाहनांस बंद करून मुलांना खेळावयास देता येऊ लागले. पुढे मोटारी वाढल्या आणि असे रस्ते घटत गेले. खेळ हा बालकाचा हक्क आहे असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या करारात म्हटले असून १९९२ साली भारताने तो मान्य केला. शाळेला मैदान असावे असे आपला २००९ चा शिक्षणहक्क कायदाही सांगतो. पण शाळा सुटते तेव्हा मैदानाच्या फाटकाला कुलूप लागते, आणि मुलाचा खेळ नेमका त्यानंतर सुरू होतो. हे मी शिक्षक म्हणून कबूल करतो. किल्ली माझ्याकडे नसली तरी घंटा मीच देतो.

आता कोसाडच्या मुलांविषयी. या बाजूस महापालिकेने गरिबांसाठी बांधलेली मोठी आवास-वसाहत आहे. तापीकाठच्या झोपडपट्ट्यांतून हलविलेली पुष्कळ कुटुंबे तेथे राहतात. शेजारच्या अमरोलीत मागांवर काम करणारे उडिया लोक आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापी व्हॅली रेल्वेच्या वाटेने आलेली खानदेशी मंडळी सुरतेत सर्वत्र आहेत. आमच्या गल्लीत त्यामुळे एका खेळाला तीन नावे पडतात. मी ज्यास लगोरी म्हणतो त्यास खानदेशातला मुलगा लिंगोरचा म्हणतो आणि गुजराती मुलगा सतोडियुं. भांडण सुरू होते तीन भाषांत आणि मिटते हिंदीत. चेंडू हरवला तर साड्यांच्या कातरणांचा नवा करतात. त्या शहरात चिंध्यांना तोटा नाही. मी वडिलांकडून ऐकलेला चेंडू येथे माझ्या डोळ्यांसमोर तयार झाला, फक्त जरीच्या काठासकट. जागा मात्र दरवर्षी आखडते. पूर्वी गल्लीत दोन स्कूटर उभ्या असत; आता अकरा असतात, आणि प्रत्येकीचा आरसा म्हणजे एक नवा नियम. डाव्या बाजूच्या आरशाला चेंडू लागला तर बाद, उजव्या बाजूच्या आरशाला लागला तर सगळी बाजूच बाद, कारण ती गाडी कमिटीच्या सेक्रेटरींची आहे.

चौथ्या दिवशी मी मोठ्या मुलांपैकी तिघांना घरी बोलाविले. त्यांतली एक मुलगी होती, आठवीतली, गल्लीतली सर्वांत वेगवान गोलंदाज. अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि वाचावयास सांगितला. मला वाटले होते की ती रडकुंडीस येतील. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि मुलीने विचारले, “सर, यात आमचे म्हणणे कोठे लिहायचे?” मग अर्ध्या तासात त्यांनी कायदा केला. खेळ पाच ते सात. शनिवार सोडून. चेंडू कातरणांचा, किंवा टक्कल पडलेला टेनिसचा, चिकटपट्टी बंद. गोलंदाजी हात खाली ठेवूनच. तळमजल्याच्या खिडकीस चेंडू लागला, काच फुटो वा न फुटो, तर त्या दिवसाचा खेळ संपला. काच फुटली तर पैसे सर्वांनी मिळून द्यावयाचे, आणि कोणी पळावयाचे नाही. शेवटचे कलम मी सुचविले नव्हते. मी फक्त शुद्धलेखन तपासले आणि खाली पहिली सही केली.

कमिटीने दिवाळीपर्यंत परवानगी दिली. पुढचे पुढे पाहू असा शेरा मारला. दोन कुटुंबे अजून माझ्याशी बोलत नाहीत. रात्रपाळीला जाणारे गृहस्थ म्हणतात, सात वाजता मी कामावर असतो, मला सातनंतरच्या शांततेचा काय उपयोग? त्यांचे म्हणणे रास्त आहे आणि त्यास माझ्याजवळ उत्तर नाही. शनिवारी ते मला पाहून हात करतात, एवढेच.

गेल्या महिन्यात काच फुटलीच. मी वर गॅलरीत वह्या तपाशीत होतो. आवाज झाला तशी खाली क्षणभर शांतता पसरली. मी उठून वाकून पाहिले. नऊ मुले उभी होती, जेथल्या तेथे, लगोरीतल्या फरशांसारखी. दोघा-तिघांचे पाय पळण्यासाठी उचललेले दिसत होते, पण पळाले कोणी नाही. रात्री ती सगळी माझ्याकडे आली. वहीच्या पुठ्ठ्यात गुंडाळलेली चिल्लर आणि काही नोटा त्यांनी टेबलावर ओतल्या. एकशे नव्वद रुपये भरले. काचवाल्याने अडीचशे सांगितले होते. साठ रुपये मी घातले आणि कशाबद्दल ते त्यांना सांगितले नाही. मुलीने पैसे मोजून पुन्हा पुठ्ठ्यात बांधले, आणि सगळी मिळून तळमजल्यावर देऊन आली.

चेंडू मात्र त्या बाईंनी परत दिला नाही.